सरांची वही आणि माझी फ्लॉपी



स्मरणिका समितीने मला विषय दिला तो 'आपल्या गावात कॉम्प्युटर कसा आला' हा. आपल्या १९८८ च्या दहावीच्या बॅचमध्ये घरी कॉम्प्युटर आणून त्याच्याशी खटपट करणाऱ्यांत मी पहिला, असं समितीचं मत. ते खरं असेलही. पण हा इतिहास लिहायला बसलो आणि लक्षात आलं की त्यात एक कबुली द्यावी लागणार आहे. इतिहासाच्या सरांनी मला एक वही दिली होती. ती मी कॉम्प्युटरवर उतरवली, जगाला दाखवली आणि मग हरवली. ती कशी हरवली, तिच्यातलं किती परत मिळालं आणि काय अजून मिळालेलं नाही, हे सांगितलं की आपल्या गावच्या कॉम्प्युटरचा इतिहासही आपोआप सांगून होईल.

सुरुवात शाळेपासून करू. आपण सातवीत होतो तेव्हा, म्हणजे १९८४-८५ साली, केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला. देशभरातल्या सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश बनावटीचं यंत्र दिलं गेलं. त्याची स्मृती ३२ किलोबाइट. हा लेख आजच्या पद्धतीने साठवला, तर त्या यंत्राच्या स्मृतीत मावणार नाही. त्या २५० शाळांत आपली शाळा नव्हती. आपल्या प्रयोगशाळेत होते ते दोन भिंगं, एक सांगाडा आणि कुलूप लावलेलं कपाट. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं म्हणून आपण ते सोडून दिलं.

आपण दहावी झालो त्याच वर्षी, १९८८ मध्ये, पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली. अमेरिका भारताला महासंगणक देताना हात आखडता घेत होती, म्हणून आपणच बनवू, असं ठरलं. संस्थेचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला, हे आपण सगळ्यांनी पेपरात वाचलं. त्याच संस्थेत आणखी एक काम चाललं होतं. त्याचा गाजावाजा कमी झाला, पण या लेखाशी संबंध आहे तो त्याचाच. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं 'जिस्ट' हे तंत्र सी-डॅकने पुढे नेलं. कॉम्प्युटरमध्ये एक वेगळं कार्ड बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटायची. १९९१ मध्येच भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे सरकारी मानकही ठरलं. क या अक्षराला कोणता आकडा, ख ला कोणता, हे त्यात पक्कं केलं होतं. म्हणजे मराठी अक्षरं यंत्रात नीट साठवायची रीत आपल्याकडे १९९१ पासून होती. फक्त ती तुमच्या-माझ्या घरापर्यंत आली नाही. ते कार्ड सरकारी कचेऱ्यांत आणि मोठ्या छापखान्यांत दिसे. घरी कॉम्प्युटर आणणाऱ्याच्या वाट्याला वेगळंच काहीतरी आलं.

माझ्या घरी कॉम्प्युटर आला १९९९ मध्ये. आमचं दुकान हार्डवेअरचं, हे तुम्हाला माहीत आहे. हार्डवेअर म्हणजे खिळे, कड्या, कुलपं आणि पत्रा. त्यामुळे मी 'हार्डवेअर शिकतोय' म्हटल्यावर वडील म्हणाले, "बरं झालं, उशिरा का होईना." यंत्र जुळवून घेतलं ते औरंगाबादला. १४ इंची मॉनिटर एसटीच्या सीटवर, त्याचं वेगळं तिकीट काढून, आणि डबा माझ्या मांडीवर. जालन्यापर्यंत रस्त्यातला एकेक खड्डा मी मोजला. घरी आल्यावर टेबलावर मांडला, उदबत्ती लावली, बटण दाबलं आणि लाइट गेली. तो आमचा शुभारंभ.

पुढची काही वर्षं मी जे शिकलो ते भारनियमनाच्या वेळापत्रकाने शिकलो. लाइट पहाटे असेल तर पहाटे, रात्री असेल तर रात्री. यूपीएसची बॅटरी दहा मिनिटं तग धरायची. तेवढ्यात काम साठवायचं आणि यंत्र नीट बंद करायचं. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चढला की डब्याचं झाकण काढून समोर टेबलफॅन ठेवायचो. घरात फॅन एकच असल्याने तो कोणाला द्यायचा यावर रोज वाद व्हायचे.

मराठी लिहायची सोय मात्र लगेच झाली, कारण मी दहावीनंतर टायपिंगच्या क्लासला गेलो होतो. मराठी तीसची परीक्षा पास होतो. आपल्यातले निम्मे जण त्याच क्लासला होते, खटखटाट आठवत असेल. कॉम्प्युटरवर त्याच टाइपरायटरच्या ठेवणीचे फॉन्ट मिळत. त्या काळात श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशी नावं डीटीपीवाल्यांच्या तोंडी असायची. गांधी पार्कात लग्नपत्रिका छापणाऱ्या एकाकडून मी फ्लॉपीवर फॉन्ट आणला, यंत्रात टाकला आणि पहिल्या संध्याकाळी सफाईने मराठी टाइप करू लागलो. मला वाटलं, कॉम्प्युटरला मराठी येतं.

ते त्याला येत नव्हतं. ही गोष्ट मला कळायला बरीच वर्षं लागली, म्हणून इथे जरा सविस्तर सांगतो. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असत. मी 'परभणी' टाइप केलं की पडद्यावर 'परभणी' दिसे, पण यंत्राच्या पोटात साठवलं जाई ते इंग्रजी आय, जे, मोठा एच, के, टिंब, के आणि एच. यंत्राच्या लेखी तो इंग्रजीतला एक निरर्थक शब्द. त्यावर मराठी मुखवटा चढवायचं काम फॉन्ट करी. फॉन्ट असेपर्यंत सगळं छान. फॉन्ट काढून घेतला, किंवा दुसऱ्या कंपनीचा लावला, की मागे राहायचा तो इंग्रजी अक्षरांचा कचरा. प्रत्येक कंपनीचा मुखवटा वेगळा होता. एकाचा क दुसऱ्याकडे भलताच कुणी असायचा.

आता इंटरनेटकडे येऊ. विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, मोठ्या शहरांपुरतं. पुढच्याच वर्षी, १९९६ मध्ये, परदेशातल्या मराठी माणसांच्या पुढाकाराने 'मायबोली' सुरू झालं. अमेरिकेतला मराठी माणूस घरबसल्या मराठी मंडळींशी गप्पा मारत होता, तेव्हा परभणीहून इंटरनेट लावायचं म्हणजे दुसऱ्या शहराला एसटीडी कॉल करायचा. तो परवडणारा नव्हता. पुढे बीएसएनएल आलं आणि त्यांचा १७२२३३ हा नंबर आला. मॉडेमची ती किंचाळी, मग खरखर, मग शांतता. जोडलं गेलं की घरचा फोन लागायचा नाही. आई म्हणायची, "त्याला म्हणावं आता झोप, बहिणीचा फोन यायचाय." ५६ के च्या मॉडेममधून आपल्याकडे सेकंदाला चार-पाच किलोबाइट आले तरी खूप. ३०० किलोबाइटचा एक फोटो वर चढवायला चांगली काही मिनिटं लागत, आणि शेवटच्या मिनिटाला लाइन तुटे.

अशा परिस्थितीत २००१ मध्ये मी ठरवलं की आपल्या बॅचची वेबसाइट करायची. एका परदेशी कंपनीकडे फुकट जागा मिळत होती. नोटपॅडमध्ये एचटीएमएल लिहायला एका पुस्तकावरून शिकलो. वर शाळेचा फोटो, खाली सरकणारी पट्टी, 'आपण ... वे पाहुणे आहात' असा आकडा मोजणारा काउंटर आणि 'हा फॉन्ट आधी उतरवून घ्या' अशी इंग्रजीत सूचना. त्या सूचनेशिवाय मराठी वेबसाइट नसायची. मोठमोठ्या वर्तमानपत्रांचंही तेच होतं. प्रत्येकाचा फॉन्ट निराळा, म्हणून प्रत्येकाची सूचना निराळी.

वेबसाइट झाली, पण तिच्यात घालायला काही नव्हतं. म्हणून सरांकडे गेलो.

सर तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी लाकडी पेटीतून एक लांब वही काढली. जुनी हिशेबाची वही, पण आत सरांचं ठसठशीत अक्षर. शाळेच्या सुरुवातीपासून ते आपण शाळेत असेपर्यंतची हकीकत त्यांनी बारा प्रकरणांत लिहिली होती. पहिले वर्ग कुठे भरले, पत्रे कुणी दिले, पहिल्या दहावीला किती मुलं बसली, कोणत्या साली विहीर आटली. निजामाच्या काळात शिकलेल्या जुन्या गुरुजींना विचारून घेतलेल्या आठवणी होत्या, कारण त्यांच्या पिढीचं शिक्षण उर्दूतून झालेलं. छापायला पैसे नाहीत म्हणून ती वही पेटीत पडून होती. सर म्हणाले, "घेऊन जा. पण एक पान फाटलं तर तुझा कान हातात देईन."

जूनपासून दिवाळीपर्यंत मी ती टाइप केली. दर प्रकरण झालं की डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापायचं आणि शुद्धलेखन तपासायला मराठीच्या बाईंकडे न्यायचं. बाईंची लाल शाई आपण विसरलेलो नाही. पहिल्याच पानावर त्यांनी गोल काढून शेरा मारला, 'हे कोणतं गाव?' मी पाहिलं तर 'परभणी'चं 'प्रभणी' झालं होतं. टाइप करायचा प्रोग्रॅम समजत होता की हे इंग्रजी आहे, म्हणून वाक्याचं पहिलं अक्षर तो आपोआप मोठं करी. त्या फॉन्टमध्ये लहान आय म्हणजे पूर्ण प आणि मोठा आय म्हणजे अर्धा प. त्यामुळे ज्या ज्या वाक्याची सुरुवात 'परभणी'ने, तिथे 'प्रभणी', आणि 'परीक्षा'ने असेल तर 'प्रीक्षा'. यंत्र तेव्हाच मला सांगत होतं की त्याला मराठी येत नाही. मी ते सेटिंग बंद केलं आणि पुढे गेलो.

दिवाळीत बारावं प्रकरण चढलं. वही सरांना परत दिली, एकही पान न फाडता. मग सरांना स्टेशन रोडवरच्या एका सायबर कॅफेत घेऊन गेलो, कारण त्या दिवशी घरी लाइट नव्हती. फॉन्ट फ्लॉपीवर बरोबर नेला होता. सरांनी चष्मा पुसला आणि स्वतःचं लिखाण पडद्यावर वाचलं. काउंटरवर तेव्हा २१२ आकडा होता. त्यातले शंभरेक वेळा मीच उघडलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही. मस्कतहून आपल्या एका मित्राचं पत्र आलं होतं, ते वाचून दाखवलं. सर खूश झाले. निघताना त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दुकान बंद झाल्यावर हे रात्री कुठं असतं रे?"

मी म्हणालो, "अमेरिकेत असतं, सर. चोवीस तास चालू असतं."

सर म्हणाले, "असेल. पण मूळ प्रत कुणाकडं आहे?"

मी खिशातली फ्लॉपी दाखवली. सर हसले आणि आम्ही चहाला गेलो. इतिहासाच्या माणसाने विचारलेला तो अगदी नेमका प्रश्न होता, आणि मी त्याला उत्तर म्हणून १.४४ मेगाबाइटची एक प्लॅस्टिकची चकती दाखवली होती.

आता ती कशी हरवली ते सांगतो. फुकट जागा देणारी ती सेवा दोन-तीन वर्षांत बंद पडली. ईमेलवर आधी सूचना आली असावी, पण तो पत्ता मी तोवर उघडतच नव्हतो. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही, कारण फ्लॉपी होती. हे आपल्या एकट्याच्या नशिबी आलं असंही नाही. फुकट वेबसाइटींचं सगळ्यात मोठं गाव म्हणजे 'जिओसिटीज'. जगभरच्या हौशी लोकांची लाखो पानं तिथे होती. ते ऑक्टोबर २००९ मध्ये बंद झालं. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तेवढं उतरवून ठेवलं, म्हणून त्यातलं बरंच वाचलं. आपण ज्यावर एकमेकांना पुन्हा शोधलं, ते 'ऑर्कुट' २००४ मध्ये आलं आणि ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं. तिथे टाकलेले आपल्या पहिल्या भेटीचे फोटो कुणाकडे आहेत का, ते जरूर पाहा. माझ्याकडे नाहीत.

सर २००६ मध्ये गेले. पुढे त्यांच्या घरच्यांनी जुनं घर सोडलं. या स्मरणिकेसाठी मी त्यांच्या मुलाकडे वहीची चौकशी केली, तेव्हा कळलं की पेटीला वाळवी लागली होती. वही त्यातच गेली. ते म्हणाले, "पण तुमच्याकडं कॉम्प्युटरवर आहे ना? बाबा सगळ्यांना सांगायचे, आता काळजी नाही म्हणून."

त्या रात्री मी फ्लॉपी शोधली. सापडली. फ्लॉपी वाचणारं यंत्र मात्र शहरात पटकन मिळेना, ते एका दुरुस्तीवाल्याच्या माळ्यावर मिळालं. फ्लॉपी घातली, दोनदा घरघरली आणि पडद्यावर आलं की ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का? आतल्या चकतीवर पावसाळ्यांनी बुरशीचे ठिपके काढले होते.

मग आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी जो मेसेज टाकला होता, तो तुम्हाला आठवत असेल. 'कुणाकडे आपल्या जुन्या वेबसाइटचं काहीही असेल तर कळवा.' बहुतेकांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या आपल्या मैत्रिणीचा फोन आला. २००२ मध्ये ती माहेरी आली असताना मी तिला सगळी वेबसाइट सीडीवर भरून दिली होती. मी साफ विसरलो होतो. तिने ती मुलांच्या लग्नाच्या सीड्यांबरोबर जपून ठेवली होती. सीडीवर ओरखडे होते. तीन वेगवेगळ्या यंत्रांवर वाचून बारापैकी दहा प्रकरणांच्या फाइली उतरल्या. सातवी आणि आठवी उतरली नाही.

दहा मिळाल्या या आनंदात फाइल उघडली, तर आत मराठीचं एक अक्षर नाही. सगळीकडे आय, जे, एच, के. शाळेचं नाव म्हणजे चिन्हांची ओळ. तेव्हा मला सगळं नीट कळलं.

मी २००१ मध्ये टाइप करत होतो, तेव्हा यावरचा उपाय जगात येऊन दहा वर्षं झाली होती. युनिकोड हे मानक १९९१ मध्ये आलं. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकच कायमचा आकडा द्यायचा, ही त्यातली कल्पना. देवनागरीची मांडणी त्यात आपल्या 'इस्की'वरूनच घेतली आहे. क चा आकडा जपानमध्येही तोच, जिंतूरमध्येही तोच. फॉन्ट कोणताही लावा, क हा क च राहतो. २००० सालच्या विंडोजमध्ये युनिकोडचा 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट आला. तो घडवला प्रा. र. कृ. जोशी यांनी, जे मराठीतले कवी आणि सुलेखनकार होते. आज सरकारी कागदावर आपण सर्रास पाहतो ते अक्षर एका मराठी माणसाच्या हातचं आहे. १ मे २००३ ला, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला तो याच पायावर.

मग मी ते का वापरलं नाही? एक तर माझं यंत्र जुनं होतं. पुढे एक्सपी घेतली तेव्हा तिच्यात देवनागरी मिळायची, पण त्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन एक चौकोन टिकवावा लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. ते मी एकदा केलंही. पण बोटांना टाइपरायटरची ठेवण बसली होती, नवी शिकायचा कंटाळा आला. फाइली तर आहेतच, उघडतातही, मग घाई कसली? घाई कसली होती ते आता कळतंय.

तुमच्यापैकी ज्यांना इतिहासाची गोडी आहे त्यांना महानुभावांची सकळ लिपी माहीत असेल. पंथातल्या पोथ्या त्यांनी सांकेतिक लिपीत लिहिल्या होत्या. एका अक्षराच्या जागी दुसरं, अशी ती रीत. बाहेरच्यांना त्या पोथ्या शतकानुशतकं वाचता आल्या नाहीत. पुढे इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली आणि जुन्या मराठीचं मोठं भांडार उघडलं. त्यांनी ते जाणूनबुजून, ग्रंथ जपण्यासाठी केलं होतं. आम्ही हौशी लोकांनी आणि गल्लोगल्लीच्या डीटीपीवाल्यांनी दहा-पंधरा वर्षं नकळत तेच केलं. त्या काळातली किती गाव-इतिहासाची पुस्तकं, किती दिवाळी अंक, किती संस्थांचे अहवाल अशा मुखवट्याच्या मराठीत कुठल्या कुठल्या सीडीवर पडून असतील, याचा विचार करा.

सुदैवाने हा संकेत सोपा आहे. टाइपरायटरच्या ठेवणीचं कोष्टक मला पाठ होतं, आणि असं मराठी युनिकोडमध्ये बदलणारे फुकट प्रोग्रॅमही आता मिळतात. पण ते सगळं बिनचूक करत नाहीत. पहिली वेलांटी घ्या. 'दिनांक' लिहिताना टाइपरायटरवर आधी वेलांटी आणि मग द. युनिकोडमध्ये आधी द, मग वेलांटी. प्रत्येक वेलांटी उचलून एक घर मागे न्यावी लागते, जोडाक्षर असेल तर दोन घरं. रफाराचं उलटं. 'वर्गात' टाइप करताना व, मग ग, मग काना, आणि शेवटी रफार. युनिकोडला तो र ग च्या आधी हवा. काही ठिकाणी प्रोग्रॅमने रफार शेजारच्या अक्षरावर ठेवला आणि वाक्याचा अर्थ लागेना. नावं आणि सनावळ्या यांत तर चूक चालत नाही.

तेव्हा पुन्हा बाईंकडे गेलो. वीस वर्षांनी. बाईंनी ऐकून घेतलं, उठल्या आणि कपाटातून एक फाइल काढली. मी २००१ मध्ये तपासायला दिलेले प्रिंट. मी दुरुस्त्या उतरवून घेतल्या आणि कागद त्यांच्याकडेच राहू दिले होते. कडेच्या भोकांच्या पट्ट्याही शाबूत. शाई फिकट झालेली, पण लाल शेरे ठळक. त्यात आठवं प्रकरण पूर्ण होतं. सातवं नव्हतं. त्या प्रकरणात दुरुस्त्या फार होत्या म्हणून तेवढे कागद मी घरी आणले होते, आणि मग रद्दीत गेले असणार.

म्हणजे आजचा हिशेब असा. बारापैकी अकरा प्रकरणं परत आली. दहा सीडीवरून, एक बाईंच्या कागदावरून. बाईंनी अकराही पुन्हा तपासून दिली, या वयात, भिंग लावून. इंटरनेटवर एक जुनी पानं साठवणारी संस्था आहे. १९९६ पासून ती जगभरच्या वेबसाइटींच्या प्रती घेते. तिथे आपल्या वेबसाइटचं फक्त पहिलं पान सापडलं. फोटोची जागा रिकामी, अक्षरं कचऱ्याची, पण अनुक्रमणिका आहे. उलगडल्यावर सातव्या ओळीत आलं, 'दुष्काळाचं वर्ष'.

सातव्या प्रकरणात १९७२ साल होतं. मला त्यातलं थोडंसं आठवतं. ज्या वर्षी १८ मे ला परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झालं, त्याच वर्षी पाऊस गेला. माणसं खडी फोडायला, पाझर तलावाच्या कामावर गेली. शाळेच्या पटावरची मुलं कमी झाली, कारण तीही आईबापांबरोबर कामावर होती. सुकडी कुठे शिजायची, कोणत्या गुरुजींनी मुलांना कामाच्या जागी जाऊन शिकवलं, पाणी कुठून आणलं, हे सरांनी नावानिशी लिहिलं होतं. ती नावं मला आठवत नाहीत. मी ती टाइप केली होती, माझ्या या बोटांनी, आणि एकही आठवत नाही.

आपली जन्मसालं बघा. आपण बहुतेक जण त्याच वर्षी किंवा त्याच्या पुढच्या वर्षी जन्मलेले. आपल्याला त्यातलं काही आठवणं शक्य नाही. पण या स्नेहमेळाव्याला जे ज्येष्ठ गुरुजन येणार आहेत, त्यांतले काही तेव्हा नुकतेच नोकरीला लागले होते. आपल्या थोरल्या भावाबहिणी तेव्हा शाळेत होत्या. तुमच्या घरी कुणी असेल तर त्यांच्याजवळ बसा आणि विचारा. दोन ओळी असतील तर दोन ओळी, पण नाव आणि जागा लिहून घ्या. फोनवर रेकॉर्ड केलं तर चालेल, पण मग ते कागदावरही उतरवा. सातवं प्रकरण सरांच्या शब्दांत परत येणार नाही. त्यातली माणसं मात्र अजून परत येऊ शकतात.

दुसरं काम ज्यांच्या घरी जुन्या सीड्या, फ्लॉप्या, जुने कॉम्प्युटर आहेत त्यांच्यासाठी. फाइल उघडते का एवढंच पाहू नका. त्यातला एक शब्द उचलून मोबाइलवरच्या मेसेजमध्ये चिकटवा. मराठी दिसलं तर ठीक. इंग्रजी कचरा दिसला तर माझ्याकडे पाठवा, मी बसून उलगडून देईन. दुकानात संध्याकाळी सातनंतर गर्दी नसते.

सरांच्या अकरा प्रकरणांची युनिकोडमधली प्रत मी समितीतल्या पाच जणांना दिली आहे. ते पाच वेगवेगळ्या गावांत राहतात. शिवाय साध्या कागदावर छापून, शिवून, एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात, एक बाईंकडे आणि एक सरांच्या मुलाकडे दिली. सहाव्या आणि आठव्या प्रकरणाच्या मध्ये मी वीस कोरी पानं शिवून घेतली आहेत. मेळाव्याच्या दिवशी ती प्रत दाराशी टेबलावर असेल. पेन शेजारी ठेवतो.